मन्मथप्पांची मावशी

चाळीसेक वर्षं तांब्या-पितळेची भांडी विकलेल्या मन्मथप्पांच्या अंगावर गुंजभरही धातू सापडत नाही. सदऱ्याला कापडी बटणं, पायजम्याला नाडी, पायात टायर कापून दोऱ्यानं शिवलेली चप्पल. चष्म्याच्या काड्या काढून दोन्ही बाजूंना गोफ बांधलेला. गळ्यातलं इष्टलिंगही त्यांनी चांदीच्या डबीतून काढून पांढऱ्या कापडात बांधून घेतलं आहे. डबी देव्हाऱ्यात असते. एकदा दातांच्या डॉक्टरनं दाढेत चांदी भरायची गोष्ट काढली. अप्पा तोंडातला कापूस काढून खुर्चीवरून उतरले आणि चालत घरी आले. पुढे ती दाढ पडली. अप्पांच्या मते, तिलाही शेवटी पटलं.

हे सगळं मावशीसाठी. मावशी म्हणजे अप्पांचा मेटल डिटेक्टर. भांड्यांचा माल भरायला ते हैदराबादला गेले होते, तेव्हा जुन्या बाजारात लष्कराच्या लिलावातलं सामान विकायला बसलेल्या एका माणसाकडे त्यांना ती दिसली. लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, खांद्याला अडकवायची लाकडी पेटी आणि कानांवर चढवायची दोन काळी झाकणं. अप्पा भांड्यांऐवजी ती घेऊन उदगीरला आले. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी ती सगळीकडून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "ह्याच्यात सैपाक व्हतो का?"

स्वयंपाक होत नसे. चकतीखाली धातू आला की कानात गुणगुण सुरू होई, एवढंच. खिळा असो की सोन्याची फुली, गुणगुण एकच. पोहोच वीतभर; अप्पांच्या शब्दांत, "मावशी खुशीत असली तर वीत आन् चार बोटं." प्रवासात मावशीचे सेल बाहेर काढून ठेवायचे, ही त्यांची शिस्त. धक्क्यानं तिची ताकद सांडते असं त्यांचं मत आहे. सेल सोबतच्या माणसाच्या खिशात जातात आणि काम सुरू करताना अप्पा ते मागून घेतात.

पेटीच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं पत्ता लिहिला आहे: "मन्मथप्पा, भांड्याचे व्यापारी, उदगीर, जि. उस्मानाबाद." लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादवर रेघ मारून त्याखाली "जि. लातूर" आलं. त्याच्याही खाली अप्पांनी दोन बोटं जागा कोरी ठेवली आहे. उदगीर जिल्हा होणार, अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी येते. मी त्यांच्या शेजारी राहतो आणि लातूरच्या एका दैनिकाला उदगीरच्या बातम्या पाठवतो, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच मीच लिहिलेल्या आहेत. "तुमी लिवत ऱ्हावा, पेपरवाले," अप्पा म्हणतात, "मी डब्यातला रंग वाळू देत न्हाई."

अप्पांच्या ओट्यावर एक पितळी परात असते. आत येणाऱ्यानं किल्ल्या, नाणी, घड्याळ, पट्टा आणि मोबाइल तिच्यात ठेवायचा आणि मगच बोलायला बसायचं. मावशी कोपऱ्यात झोपलेली असली तरी हा नियम आहे. एकदा लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या तिघांपैकी एक जण परातीतून भलतीच किल्ली उचलून गेला. त्या किल्लीनं भलतीच मोटारसायकल सुरूही झाली. पत्रिका वाटत वाटत तो देवणीपर्यंत पोचला, तेव्हा कुठे त्याला आपल्या गाडीचा रंग आठवला.

काम करताना अप्पांचं एकच वाक्य ठरलेलं. एक बोट वर, डोळे बारीक आणि, "थांबा, बोलून राहिली." सवय इतकी मुरली आहे की मावशी जवळ नसतानाही बोलता बोलता त्यांचं बोट वर जातं. आपण थांबतो. ते कान देऊन ऐकतात. मग म्हणतात, "न्हाई. शेजारचा कुकर हाय."

मावशीची कामं लहान असतात. सोयाबीनच्या भुसात पडलेली कानातली फुलं, कडब्याच्या गंजीत गेलेलं जोडवं, लग्नाच्या मांडवात सांडलेला काळ्या पोतीतला डोरल्याचा मणी. अप्पा पैसे घेत नाहीत. वाटेत जे भंगार निघेल ते मात्र त्यांचं. घराच्या मागच्या पडवीत तेलाचे डबे भरून बैलांच्या खुरांचे नाल ठेवलेले आहेत. ह्या मुलखातल्या जमिनीत काय दडलं आहे, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर तिथे आहे: नाल.

एका शेतकऱ्याच्या बायकोची अंगठी वैरणीत पडली आणि म्हशीवर संशय आला. अप्पांनी मावशी म्हशीच्या पोटाखाली धरली. बोट वर गेलं. पुढचे काही दिवस त्या घरानं म्हशीच्या शेणाकडे ज्या आदरानं पाहिलं, तो आदर तिच्या दुधालाही कधी मिळाला नव्हता. अखेर निघाला तो कडबा कापायच्या यंत्राचा नट. अंगठी पिठाच्या डब्यात होती. शेतकरी तणतणत अप्पांकडे आला. अप्पा शांतपणे म्हणाले, "मावशी काय म्हनली? धातू हाय म्हनली. अंगठी हाय असं कवा म्हनली? ते तुमी म्हनला."

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मावशीला सर्वांत जास्त काम होतं. विहिरी आणि आड तळापर्यंत कोरडे पडले होते. वर्षानुवर्षं पोहऱ्यातून निसटलेली, हातातून सुटलेली भांडी तळच्या गाळात रुतून होती. अप्पा कमरेला दोर बांधून उतरत. वर येताना घागरी, तांबे, कळशा येत आणि त्यातल्या निम्म्यांवर अप्पांच्याच हातची अक्षरं असत. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव कोरतात. उदगीर भागातली निम्मी नावं अप्पांच्या दुकानात कोरली गेलेली आहेत. त्यामुळे मालक शोधावा लागत नसे. अप्पा भांडं चिंचेनं घासून घरपोच करत.

सगळीकडे स्वागत झालंच असं नाही. एका घरचा तांब्या वीसेक वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. थोरल्या जावेनं धाकटीवर चोरीचा आळ घेतला, घर वाटलं गेलं, मधे भिंत आली. अप्पांनी तो तांब्या आडातून काढून दोघींसमोर ठेवला. आता समेट होईल अशी त्यांची अपेक्षा होती. त्याऐवजी, तो आडात टाकला कुणी, ह्यावर दोघी भांडू लागल्या. तांब्या परत मिळाला. भिंत एक थर वाढली.

"मी फकस्त तांब्या काढला," अप्पा म्हणाले. "भांडन आदीचंच तळाला व्हतं."

एक काम मात्र ते कधीही घेत नाहीत. नारळ, लिंबू आणि कुंकू घेऊन, आवाज खाली करून येणारी माणसं त्यांच्या ओट्यावर बऱ्याचदा येतात. गुप्तधन. अमक्या पडक्या गढीत हंडा आहे, पण तो जागा बदलतो, सरकतो. अप्पा त्यांना परातीत किल्ल्या ठेवायलाही सांगत नाहीत. "धन काय गोगलगाय हाय का, सरकायला? हरवलेलं सांगा, काढून देतो. पुरलेलं न्हाई." नियम असा आहे.

नियमाला अपवाद एक. गयाबाई.

देगलूरच्या वाटेवर, रस्त्यापासून आत एक गाव आहे. तिथल्या शेवटच्या गल्लीत, दारावर निळी पताका असलेलं दोन खणांचं घर गयाबाईंचं. घर त्यांच्या माहेरचं. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. मुलगा लोह्याला शाळेत मास्तर आहे आणि आईनं तिकडे राहायला यावं असं दर सणाला म्हणतो. गयाबाई हो म्हणतात आणि जात नाहीत. त्या अगदी लहान असताना, रझाकारांच्या धामधुमीत त्यांच्या घरच्यांना रातोरात गाव सोडावं लागलं. निघण्याआधी आईनं लेकीच्या पायातले चांदीचे वाळे काढले, तांब्यात घातले, तांब्याचं तोंड मातीनं लिंपलं आणि तो अंगणात लिंबाखाली पुरला. परत आल्यावर तो सापडला नाही, एवढंच गयाबाईंना माहीत होतं. त्या गावात अप्पा एकदा कुणाचं तरी जोडवं शोधायला गेले होते, तेव्हा गयाबाईंनी त्यांना थांबवून विचारलं, "सावकार, माझे वाळे बगता का?"

अप्पांनी पाहिलं. मावशी बोलली नाही. अप्पा म्हणाले, "पुढल्या साली परत बगू." तेव्हापासून दर वर्षी शिमगा झाला की अप्पा तिकडे जातात.

"हे पुरलेलंच नाही का?" मी एकदा विचारलं. नियमाची विसंगती दाखवणं हा माझा व्यवसाय आहे.

"न्हाई. हरवलेलंच हाय," अप्पा म्हणाले. "पुरनारी माय गेली की."

आणि इतकी वर्षं तो तांब्या सापडत कसा नाही, तर लिंबाची मुळं त्याला दर वर्षी बोट-बोट खाली ओढून नेतात. गोगलगायीबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही.

पहिल्या वर्षी अप्पा घरून डबा आणि पाणी घेऊन गेले आणि लिंबाखाली एकटे जेवले. गयाबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी चहा झाला. तिसऱ्या वर्षी अप्पा डबा घरी विसरले. तो दर वर्षी विसरला जातो.

दुष्काळाच्या त्याच उन्हाळ्यात अप्पांच्या मुलानं, वीरेशनं, पुण्याहून एक खोकं पाठवलं. वीरेश तिथे एका कंपनीत आहे. अप्पांचा उजवा खांदा मावशीच्या पेटीनं एका बाजूला उतरला आहे आणि काळ्या झाकणांनी कान दुखतात, हे त्यानं दिवाळीत पाहिलं होतं. खोक्यात नवा डिटेक्टर होता. काळा, घडी होणारा, वजनाला छत्रीएवढा. त्याला काचेचा छोटा पडदा होता आणि त्यावर आकडे येत. खाली लोखंड आहे की चांदी, ते आकड्यावरून कळे. लोखंड आलं तर गप्प बसायचं, असंही त्याला सांगून ठेवता येई. आणि पोहोच होती हातभर.

मुलाची अट साधी होती. पसंत पडला तर ठेवा आणि जुनं भंगारात घाला. घरात दोन नकोत. नाही तर महिन्याच्या आत परत पाठवा, पैसे मिळतात.

अप्पांनी खोक्याभोवती फेरी मारली. "महिन्याच्या बोलीवर आलाय. पाव्हणाच म्हनायचा." तेव्हापासून त्याचं नाव पाव्हणा.

पाव्हण्याची परीक्षा गल्लीत झाली. समोरच्या महेबूब टेलरचं वरच्या खोलीचं बांधकाम पाण्यावाचून थांबलं होतं आणि वाळूचा ढीग तसाच पडून होता. अप्पांचे बिनधातूचे सदरे हाच महेबूब शिवतो. त्यानं वाळूत शिलाई मशीनची बॉबिन, एक नाल, तांब्याचा जुना पैसा आणि बायकोची समजूत घालून तिची चांदीची अंगठी पुरली. गल्ली जमली. पाव्हण्यानं चारही वस्तू शोधल्या आणि खोदण्याआधी त्या कशाच्या आहेत तेही सांगितलं. मग मावशी आली. वाळूत बांधकामाचे खिळे होते. अप्पांचं बोट वर गेलं ते खाली येईना. मावशी सलग बोलत होती आणि काय बोलत होती ते कुणालाच कळत नव्हतं.

"अप्पा," महेबूब म्हणाला, "मावशी कू अब पेन्शन दे देव. भौत सेवा करी बिचारी."

"पेन्शन कुटली तिला? भंगारात देतेत."

"तो क्या हुआ? आखिर में हम सबकू भंगारमेंच जाना है ना?"

"तू जा. मावशी न्हाई जानार," अप्पा म्हणाले. पण त्या संध्याकाळी ते पाव्हण्याला घेऊन बसले. मी ओट्यावरून पाहत होतो. त्यांनी तो खांद्याला लावला, उतरवला, परत लावला. कानांवर झाकणं चढवायची गरज नव्हती. आवाज बाहेरच येई. ते मानेला हिसडा देऊन हसले. दुसऱ्या दिवशी मऊ कापडानं त्यांनी पडदा पुसला. तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणातून त्यांनी एका तासात इतके नाल काढले, की एक डबा कमी पडला. खांदा दुखला नाही. मला तेव्हा वाटलं, मावशीचा निकाल लागला.

गल्लीलाही तसंच वाटलं. आणि सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. महेबूबनं ते बोलून दाखवलं. "अब सीधा गयाबाई के घर. एक फेरे में फैसला."

"व्हईल की," अप्पा म्हणाले. "घाई काय हाय?"

शिमगा होऊन गेला. अप्पा गेले नाहीत. कारणं मी ऐकत होतो. पहिल्या आठवड्यात सोमवार आडवा आला. मग अमावस्या. मग टँकर यायचा दिवस, कारण घरी माणूस नको का घागरी लावायला? मग ऊन. मग पाव्हण्याला गावाची सवय होऊ दे. चाळीस वर्षांत उन्हाला न जुमानलेला माणूस दुपारभर घरात बसून पाव्हण्याचा पडदा पुसत होता. नव्या यंत्रानं आपल्याला खोटं पाडलं तर, असं भय त्यांना वाटत असावं, असा मी अंदाज केला. इतकी वर्षं मुळांचा सिद्धान्त सांगितला आणि तांब्या दोन वितींवर निघाला, तर तोंड कसं दाखवायचं? अंदाज तर्काला धरून होता. तो चुकीचाही होता.

महिना संपत आला तेव्हा गयाबाईंचाच निरोप आला. गावच्या जीपवाल्यानं सांगितलं, "आजी इचारून राहिल्या. आवंदा सावकार आले न्हाईत, तबेत बरी हाय का?"

दुसऱ्या सकाळी अप्पांनी मला हाक मारली. मी पट्टा परातीत काढून ठेवला आणि एका हातानं विजार धरून जीपमध्ये बसलो. मांडीवर पाव्हण्याचं खोकं, पायाशी मावशीची पेटी. मावशीचे सेल अप्पांनी काढून माझ्या खिशात घातले.

"दोघं कशाला?" मी विचारलं.

"पाव्हण्याला एकट्याला वाट दाखवायला कुनी नको?"

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढेकळं होती. वाटेतल्या एका गावात हापशाभोवती घागरींची रांग होती आणि माणूस एकही नव्हता. घागरीच नंबर धरून होत्या. वाटेत अप्पांचं बोट एकदाही वर गेलं नाही.

गयाबाई दारातच उभ्या होत्या. सुरकुतलेल्या, उंच, पांढऱ्या पातळातल्या. "या," त्या म्हणाल्या. "म्हनलं, विसरले का काय." त्यांनी पाय धुवायला तांब्या पुढे केला. गावाला टँकर चार-पाच दिवसांनी येत होता. अप्पांनी तांब्यातलं पाणी पाहिलं, दोन बोटं बुडवून डोळ्यांना लावली आणि तांब्या परत दिला. "झालं की. पाय सोच्छच हायेत."

मग गयाबाईंची नजर खोक्याकडे गेली. "हे काय आनलंय?"

"पाव्हणा हाय. पोरानं धाडला."

"हे हातभर खाली बगतं," मी माहिती दिली. "लोखंड कुठलं, चांदी कुठली, तेही सांगतं."

अप्पा खोकं घेऊन अंगणात गेले. मी उंबऱ्यावर बसलो. आत गयाबाई भाकरीचं पीठ मळायला बसल्या. पाणी त्या ओंजळीनं नाही, बोटांनी घेत होत्या. बाहेर अप्पा भिंतीच्या कडेपासून सुरुवात करून, औत चालवावं तसे, सरळ तास घेत चालले होते. पाव्हण्याचा आवाज येत नव्हता.

"बाबा," गयाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे नवं मशीन खरं सांगतं?"

"सांगतं."

त्यांचे हात पिठात थांबले. "मंग आता सावकार कामून येतील?"

मला समजलं नाही. त्यांनी दाराबाहेर एकदा पाहून घेतलं. अप्पा अंगणाच्या पार टोकाला होते.

"ते वाळे तिथं न्हाईत," गयाबाई म्हणाल्या. "माझ्या मायनंच काढलते. गावात परत आलो त्याच्या दुसऱ्या साली. धान्य नव्हतं घरात. मोडले आन् ज्वारी आनली. मला सांगितलं न्हाई. मामा मराया टेकला तवा त्यानं सांगितलं. तवर सावकारास्नीही चार सालं झालती इथं येऊन."

"मग तुम्ही अप्पांना सांगितलं नाही?"

"सांगनारच व्हते. त्या साली त्यांची शांताबाई गेलती. आले आन् त्या लिंबाला टेकून बसले. मशीन पेटीतून काढलीच न्हाई. दिस कलला तरी बसूनच. मी म्हनलं, आवंदा ऱ्हाऊ द्या, सावकार, पुढल्या साली बगू. तर पुढल्या साली आले ते हसत आले. भाकर खाल्ली. मुळाचं काय काय सांगत बसले." त्यांनी पीठ परत मळायला घेतलं. "मंग कसं सांगू? एवड्या लांबून मानसाला यायला काय तर निमित्त लागतं. तू सांगू नगंस, बाबा."

मी मान हलवली. बाहेर अप्पांचा शेवटचा तास लिंबाच्या बुंध्याशी संपत होता. ते बुंध्याभोवती एकदा फिरले. मग उलटे फिरले. एका जागी वाकून त्यांनी खुरप्यानं माती उकरली आणि काढलेली वस्तू पाहून खिशात टाकली. तो नाल होता, हे एवढ्या लांबूनही कळत होतं. मग ते बराच वेळ पडद्याकडे पाहत उभे राहिले. अंगण हातभर खोलीपर्यंत संपलं होतं आणि त्यात तांब्या नव्हता. आता हे त्यांनाही माहीत झालं.

मला वाटलं, ते येऊन सांगतील. अप्पांनी पाव्हणा बंद केला. त्याची घडी घालून तो खोक्यात ठेवला आणि खोकं बंद केलं. मग मावशीची पेटी उघडली. दांडा जोडला, पेटी उतरत्या खांद्याला अडकवली, काळी झाकणं कानांवर चढवली आणि लिंबाखाली चकती फिरवायला लागले.

गयाबाई पिठानं भरलेल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

अप्पांचं एक बोट वर गेलं. डोळे बारीक झाले.

"थांबा, बोलून राहिली."

"खोल हाय का?" गयाबाईंनी विचारलं.

"लई खोल हाय, गयाबाई. मुळांनी आनखी खाली नेलंय. पाव्हण्याला कळलं न्हाई. मावशीचा कान जुना हाय, तिला बारीक ऐकू येतंय. पर ह्या साली निघत न्हाई, जमीन दगडासारखी झालीय. पुढल्या साली बगू."

"हाव," गयाबाई म्हणाल्या. "पुढल्या साली या. हात धुवा, भाकर झाली."

मावशीचे सेल माझ्या खिशात होते.

जेवायला भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा होता. अप्पांसमोर पितळी ताट आलं. ताटाच्या काठावर गयाबाईंचं नाव कोरलेलं होतं. अक्षर अप्पांचं होतं आणि देणाऱ्याचं नाव नव्हतं. अप्पा मुळांविषयी बोलत होते. लिंबाचं मूळ पाण्यामागं जातं, पाणी खाली गेलं की मूळ खाली, मूळ खाली की तांब्या खाली, म्हणून दुष्काळात जास्त ओढतं, असं. गयाबाई तव्यावरची भाकरी उलटत "हाव, हाव" म्हणत होत्या. त्या दोघांत काय खरं आहे हे त्या घरात मला एकट्याला पूर्ण माहीत होतं. दोन्ही बाजूंनी इतकी पक्की बातमी मला त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि ती मी कुठे पाठवली नाही. आज लिहितो आहे, कारण गयाबाईंना वाचता येत नाही आणि अप्पा पेपरात फक्त जिल्ह्याची बातमी शोधतात.

परतताना जीपमध्ये मी सेल काढून अप्पांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते पाहिले, फुंकर मारून पेटीत टाकले आणि म्हणाले, "तुमच्या खिशात गरम झाले."

त्याच संध्याकाळी वीरेशचा फोन आला. अप्पा मोबाइल कानाला लावत नाहीत. तो परातीत ठेवून वरून बोलतात. पितळेमुळे आवाज घुमतो आणि दोन्हीकडचं बोलणं गल्लीभर ऐकू जातं.

"अप्पा, उद्याचा दिवस शेवटचा हाय. काय ठरलं?"

"वापस धाडतो."

"कामून? बिगडलाय का?"

"न्हाई रे. लई गुनाचा हाय."

"जड वाटतो का?"

"फुलावानी हाय. खांद्याला कळत बी न्हाई."

समोर महेबूबनं शिलाई मशीन थांबवलं. परातीत वीरेश म्हणाला, "मंग वापस कामून करून राहिलात? काय कारन सांगू त्यास्नी?"

अप्पांनी खांदा चोळला. कोपऱ्यातल्या मावशीच्या पेटीकडे एकदा पाहिलं. मग परातीवर वाकून म्हणाले,

"सांग, लई खोल जातंय म्हनून."